मेंढ्या वळणारा कुत्रा आणि घरातली लहान मुलं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बॉर्डर कॉली, ऑस्ट्रेलियन शेफर्ड, शेल्टी, कॉर्गी, कॅटल डॉग, जर्मन शेफर्ड, मॅलिनॉय किंवा यांच्या मिश्र जातीचा कुत्रा आणि सहा-सात वर्षांखालची मुलं एका घरात असली की पुढचे प्रश्न कधी ना कधी पडतातच. उत्तरं देताना एक बाजू उघडपणे घेतली आहे. आधी मोठ्यांनी घराची मांडणी बदलावी, मग कुत्र्याला शिकवावं आणि मुलांकडून अपेक्षा सगळ्यात शेवटी ठेवावी. बहुतेक घरांत हा क्रम नेमका उलटा लागतो.

कुत्रा मुलांभोवती गोल फिरतो, वाट अडवतो, टाचांना दात लावतो. तो रागावलाय का?

बहुतेक वेळा नाही. ज्या कामासाठी त्याची जात घडवली गेली तेच तो करतोय, फक्त समोर मेंढ्यांऐवजी मुलं आहेत.

कुत्र्यांच्या पूर्वजांची शिकार ठरावीक क्रमाने चालते: भक्ष्य हेरणं, नजर रोखणं, दबा धरून सरकणं, पाठलाग, पकड आणि शेवटी मारणं. मेंढपाळांनी पिढ्यान् पिढ्या निवड करत यातले सुरुवातीचे टप्पे ठळक केले आणि शेवटचे बोथट केले. इंग्लंडमधल्या नॉर्थंबरलंडमध्ये ॲडम टेल्फर या शेतकऱ्याकडे १८९३ साली जन्मलेला ओल्ड हेम्प हा कुत्रा आरडाओरडा न करता नजरेच्या जोरावर मेंढ्या हलवायचा. आजच्या बहुतेक बॉर्डर कॉलींची वंशावळ त्याच्यापर्यंत पोचते. कॉर्गी आणि ऑस्ट्रेलियन कॅटल डॉग गुरं हाकण्यासाठी तयार झाले, म्हणून ते टाचेला दात लावून लाथ बसण्याआधी बाजूला होतात. जर्मन शेफर्डचे पूर्वज कळपाने शेजारच्या पिकात तोंड घालू नये म्हणून दिवसभर शेताच्या कडेने येरझारा घालत. न्यूझीलंडचा हंटअवे तर भुंकूनच कळप हाकतो.

घरातलं चित्र यावरून बरंचसं उलगडतं. कॉली दाराआड आडवा पडून रांगत्या बाळावर नजर रोखतो. कॉर्गी पोटरीमागे लागतो. शेफर्डला घरातली माणसं दोन खोल्यांत विभागलेली सहन होत नाहीत आणि त्याच्या फेऱ्या सुरू होतात. ऑस्ट्रेलियन शेफर्ड (नाव काहीही असलं तरी ही जात अमेरिकेच्या पश्चिम भागात घडली) अंगाने ढकलतो, जवळ येऊन काम करतो.

राग नसला म्हणून हा प्रकार किरकोळ ठरत नाही. गाईच्या पायाला जो चावा म्हणजे नुसता इशारा, तोच तीन वर्षांच्या पोराच्या पोटरीवर जखम करतो. शिवाय धक्का लागून मूल पडतं ते वेगळंच.

मुलं खेळत असताना तो बाजूला पहारा देत बसतो. मुलांना सांभाळतोय ना?

नाही. राखण करणारे कुत्रे आणि वळणारे कुत्रे यांची कामं वेगळी आहेत. ग्रेट पिरेनीज किंवा कांगलसारखे राखणदार कळपातच राहतात आणि त्यांनी मेंढ्यांमागे धावू नये अशीच त्यांची निवड झालेली असते. वळणाऱ्या कुत्र्याचं काम कळप हलवणं आणि थोपवणं. अंग ताणून, मान खाली घालून, डोळा न हलवता तो मुलांकडे बघत असेल, तर तो विश्रांती घेत नाहीये, ड्यूटीवर आहे. याचे व्हिडिओ फार गोंडस दिसतात आणि लोक ते कौतुकाने पाठवतातही. तपासायला सोपी खूण: हाक मारल्यावर मान लगेच वळते का? दहा मिनिटांत तो कुशीवर लवंडतो का? दोन्हींना उत्तर 'नाही' असेल तर त्याला तिथून उठवून दुसरीकडे न्या.

वळणं आणि खरा राग किंवा भीती, यातला फरक कसा ओळखायचा?

मूल धावलं की वळणारा कुत्रा चेततो आणि मूल थांबलं की तोही सैलावतो. त्याचा रोख हालचालीवर असतो. घाबरलेल्या किंवा वैतागलेल्या कुत्र्याला मात्र मुलाचं जवळ येणंच नको असतं, मग मूल कितीही हळू येवो. तो मान फिरवतो, ओठ चाटतो, झोप आलेली नसताना जांभई देतो, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असा तिरपा बघतो, एक पाय उचलून धरतो, उठून निघून जातो. एवढ्यावर भागलं नाही तर तो ताठरतो, गुरगुरतो, दात दाखवतो. यात सगळ्यात जास्त घाबरावं ते गोठण्याला: कुत्रा एकदम स्तब्ध होतो, श्वाससुद्धा थांबल्यासारखा वाटतो. त्या क्षणी मुलाला शांतपणे दूर घ्या.

शेपूट हलतेय म्हणजे खूश आहे, हा समज इथे फसवतो. उंच, ताठ शेपटीचं टोक भराभर हलत असेल तर तो ताणाखाली असू शकतो.

दोन्ही गोष्टी एकाच कुत्र्यात असू शकतात. पोरांच्या किंचाळ्यांनी आधी बिचकलेला कुत्रा पुढे त्यांना वळून 'थांबवायला' शिकतो.

दुर्लक्ष केलं तर सवय आपोआप जाईल का?

नाही. उड्या मारणं किंवा खाण्यासाठी भुंकणं आपल्या लक्षावर जगतं, म्हणून दुर्लक्षाने कमी होऊ शकतं. वळण्याचं बक्षीस मात्र त्या कृतीतच आहे. कुत्र्याने दात लावला, मूल किंचाळून पळालं, म्हणजे पाठलागाची मजा मिळाली. मूल रडत थांबलं, म्हणजे कळप थांबला. दोन्हीकडून त्याचंच जिंकणं. प्रत्येक यशस्वी फेरी सवय आणखी घट्ट करते, म्हणून पहिलं काम म्हणजे अशी फेरी घडूच न देणं.

रागावणं, चापट, पाण्याचा फवारा, विजेचा झटका देणारा शॉक कॉलर?

यातलं काहीही नको. मूल धावतंय आणि त्याच वेळी कुत्र्याला वेदना किंवा धसका मिळतोय. यातून तो काय शिकेल हे आपल्या हातात नसतं. 'पाठलाग करू नये' असं शिकेल ही आपली आशा. 'हे छोटं माणूस आसपास असलं की दुखतं' असं शिकण्याची शक्यता खरी आहे, आणि तसं झालं तर आधी फक्त वळणारा कुत्रा आता मुलाला घाबरतोही. अमेरिकेतल्या पशुवैद्यकीय वर्तनतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे एव्हीएसएबीने, २०२१ च्या निवेदनात कुत्र्यांसाठी फक्त बक्षिसावर आधारित प्रशिक्षणाची शिफारस केली आहे. वेल्समध्ये शॉक कॉलरवर २०१० पासून बंदी आहे, आणि तो देश मेंढ्यांचाच.

गुरगुरण्याबद्दल तर कधीच शिक्षा करू नका. तो इशारा आहे. इशारा दाबला तर कुत्रा पुढच्या वेळी न सांगता चावू शकतो.

रोज भरपूर पळवून दमवलं की शांत होईल ना?

या कुत्र्यांच्या बाबतीत सगळ्यात जास्त दिला जाणारा आणि सगळ्यात अर्धवट सल्ला हाच. व्यायाम हवाच, त्याशिवाय पुढचं काही जमत नाही. पण रोज तासभर चेंडू फेकल्याने कुत्रा शांत होत नाही, त्याचा दम वाढतो. चेंडूमागे धावणं म्हणजे पाठलागाचाच सराव. नजर, झेप, पाठलाग, पकड, आणि हे पुन्हा पुन्हा. घरी आल्यावर त्याचं अंग थकलेलं आणि डोकं अजून मैदानातच असतं. अशा वेळी समोरून एखादं मूल पळत गेलं की काय होणार ते सांगायला नको.

त्याऐवजी पट्टा सैल ठेवून वास घेत केलेला संथ फेरफटका, गवतात किंवा जुन्या टॉवेलच्या घड्यांत खाऊ लपवून शोधायला लावणं, चघळायला काहीतरी देणं आणि मधूनमधून थोडं प्रशिक्षण, यांचा परिणाम जास्त टिकतो. वळण्याच्या ओढीला वाट द्यायची असेल तर ट्रायबॉल हा जर्मनीत सुरू झालेला खेळ बघा. त्यात कुत्रा मोठाले व्यायामाचे चेंडू नाकाने ढकलत मालकाच्या सांगण्यानुसार गोलपोस्टमध्ये आणतो. पाठलाग आहे, पण प्रत्येक पावलाला थांबणं आणि ऐकणंही आहे.

झोप हा विसरला जाणारा भाग. मोठा कुत्रा दिवसाचे बारा-चौदा तास आणि पिल्लू अठरा-वीस तास झोपू शकतं. पोरांच्या घरात त्याला दिवसा डोळा लागत नाही आणि संध्याकाळी तो चिडखोर होतो. त्याला अपुऱ्या व्यायामाची नाही, अपुऱ्या झोपेची बाधा असते. लहान मुलं सांभाळणाऱ्याला हे पटकन कळेल.

आणि लेझरचा लाल ठिपका दाखवून खेळवणं बंद. वळणाऱ्या जातींमध्ये प्रकाश आणि सावल्यांमागे धावण्याचा ध्यास लागण्याची प्रवृत्ती असते. तो एकदा लागला की सोडवणं अवघड.

मग सुरुवात नेमकी कुठून करायची?

जागेपासून. बेबी गेट (दारात बसवायचं बुटकं फाटक) लावा, शक्य असल्यास दोन. कुत्र्यासाठी एक खोली, कोपरा किंवा क्रेट (कुत्र्याचा पिंजरा) असा ठरवा की जिथे मुलाने जायचंच नाही, मग कुत्रा झोपलेला असो की जागा. ही कुत्र्याची हक्काची जागा. शिक्षा म्हणून त्याला तिथे कधी पाठवू नका. एरवी घरात वावरताना, मोठं माणूस समोर असेल तेव्हाच, त्याच्या अंगावरच्या हार्नेसला हलकी, फासा नसलेली दोरी राहू द्या. गरज पडली तर गळपट्ट्याशी झटापट न करता ती उचलता येते.

मग दिवसाचा गोंधळाचा वेळ ओळखा. बहुतेक घरांत तो संध्याकाळी असतो, मोठे कामात आणि मुलं अंगात आल्यासारखी. त्या वेळात कुत्रा गेटपलीकडे, चघळायला काहीतरी घेऊन. रोज. काही घडलं म्हणून नव्हे, काही घडायच्या आधी.

हे कुत्र्यावर अन्याय आहे असं वाटत असेल तर एवढं बघा: कोणताही मेंढपाळ शिकाऊ कुत्र्याला कळपाबरोबर एकटं सोडत नाही. तो त्याला दोरीवर ठेवतो, थांबायला शिकवतो आणि काम संपलं की 'दॅट'ल डू' (बस, झालं) म्हणून परत बोलावतो. चांगल्या शीपडॉगची पारख त्याच्या धावण्यापेक्षा त्याच्या थांबण्यावर होते.

'लक्ष ठेवा' सगळेच सांगतात. म्हणजे नक्की काय?

एका खोलीत असणं म्हणजे लक्ष ठेवणं नव्हे. फोन खाली, नजर कुत्र्यावर आणि अंतर इतकं की हात लांबवला तर मुलापर्यंत पोचेल. लहान मुलांना होणारे बरेच चावे ओळखीच्या कुत्र्याकडून, घरातच होतात, आणि लहानग्यांच्या बाबतीत ते चेहरा-मानेवर होण्याचं प्रमाण जास्त असतं, कारण त्यांची उंचीच तेवढी. एवढं लक्ष देणं आत्ता शक्य नसेल तर गेट लावा. तेही उत्तम लक्ष ठेवणंच आहे.

शांत बसायला शिकवता येतं का?

येतं, आणि या जाती शिकायला इतक्या उत्सुक असतात की हा भाग मजेचा होतो. एक चटई किंवा पातळ गादी घ्या. मुलं घरात नसताना किंवा झोपलेली असताना ती जमिनीवर टाका. कुत्रा तिच्याकडे गेला, पाय ठेवला, बसला, की प्रत्येक वेळी खाऊचा बारीक तुकडा चटईवरच ठेवा. हवेत फेकू नका, हातातून झडप घालू देऊ नका. तुकडा दोन पंजांच्या मध्ये ठेवला की मान खाली जाते आणि अंग सैल होतं. पाच मिनिटं पुरेत.

पुढे बक्षीस कशाचं द्यायचं ते नीट ठरवा. नुसतं पडून राहण्याचं नव्हे. कॉली हुकमावर स्फिंक्ससारखा ताठ पडून तासभर तुमच्या हाताकडे बघत राहील, आणि ती शांतता नव्हे, वाट बघणं आहे. कंबर एका बाजूला कलली, हनुवटी जमिनीला टेकली, श्वास खोल गेला, कानांतला ताण उतरला, अशा क्षणी हळूच खाऊ ठेवा. डॉ. कॅरन ओव्हरऑल या पशुवर्तनतज्ज्ञांचा 'रिलॅक्सेशन प्रोटोकॉल' याच पद्धतीचा आहे: पंधरा दिवसांच्या याद्या, ज्यात माणूस एक पाऊल मागे जातो, टाळी वाजवतो, दारामागे दिसेनासा होतो आणि कुत्रा तेवढ्यातही निवांत राहायला शिकतो. एका दिवसाची यादी जमली नाही तर दुसऱ्या दिवशी तीच परत.

रोजच्या जेवणातलाच काही भाग खाऊ म्हणून वापरा, नाहीतर महिन्याभरात चटईपेक्षा पोट मोठं.

आणि मुलं धावायला लागली की?

चटई मुलांशिवाय पक्की झाल्यावर हालचाल थोडी थोडी मिसळायची. पहिली हालचाल तुमची स्वतःची. भरभर चाला, खाली बसा, रांगा, हात फडफडवत खोलीभर पळा. शेजाऱ्यांनी पाहिलं तर पाहू दे. मुलांच्या खिदळण्याचा आवाज फोनवर अगदी बारीक लावून ठेवा. हे पचलं की एक मूल, खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, चालणारं. कुत्रा पट्ट्यावर किंवा गेटमागे. मग तेच मूल भरभर चालणारं, मग धावणारं, मग दोन मुलं.

अंतर, वेग, आवाज, मुलांची संख्या: एका वेळी यातलं एकच वाढवा. वेग वाढवला तर अंतरही वाढवा. दोन पायऱ्या एकदम चढण्याची घाई हीच सगळीकडे दिसणारी चूक.

क्रमही महत्त्वाचा. आधी मूल हलतं आणि त्यानंतर लगेच तुमच्याकडून खाऊ येतो. बरेच दिवस असं झालं की मूल धावलं रे धावलं, कुत्रा तुमच्याकडे वळून बघतो: 'पळालं ते, आता माझं काय?' ही नजर हवी आहे. मुलाचं धावणं त्याच्यासाठी कामाला निघायची हाक न राहता तुमच्याकडे यायची खूण होते. खाऊ आधी दाखवून लक्ष ओढून घेतलं तर कुत्रा फक्त खाऊ बघतो आणि मुलाविषयी काहीच शिकत नाही.

कुत्रा खाऊ नाकारतोय, बोटांसकट हिसकावतोय किंवा त्याची नजर मुलावरून सुटतच नाही, म्हणजे तुम्ही फार जवळ आहात. मागे सरका.

तरीही पाठलाग सुरू झालाच तर?

ओरडू नका, मागे धावू नका. तुम्हीही धावलात तर त्याच्या दृष्टीने खेळात आणखी एक भिडू आला. मुलांना 'झाड!' म्हणा (खाली सांगितलं आहे), मध्ये जा, दोरी उचला आणि कुत्र्याला चालत दुसऱ्या खोलीत न्या. एक-दोन मिनिटं शांतता. चेतलेल्या कुत्र्याचा गळपट्टा अचानक पकडू नका, अशा वेळी दात कोणालाही लागतो. नंतर कुत्रा परत आला की तोच प्रसंग पुन्हा मांडू नका, मुलांना बैठा खेळ द्या.

मुलांना काय शिकवायचं?

तीन वर्षांखालच्या मुलांना काही नाही. म्हणजे प्रेमाने सांगत राहा, पण त्यावर विसंबू नका. त्या वयात कळणं आणि वागणं यांची गाठ पडलेली नसते.

त्यापुढच्या मुलांना 'झाड' हा खेळ येतो आणि आवडतो. कुत्रा मागे लागला की जागच्या जागी उभं राहायचं, हात पोटाशी गुंफायचे, नजर स्वतःच्या पायांवर. पळणारं थांबलं की वळण्यासारखं काही उरत नाही. हा सराव कुत्रा समोर नसताना, हसतखेळत, बरेचदा घ्या. ऐन वेळी पहिल्यांदा सुचवून उपयोग नाही.

दुसरं, तीन सेकंदांचा नियम. कुत्रा आपणहून जवळ आला तर त्याच्या छातीवर किंवा खांद्यावर तीन सेकंद हात फिरवायचा आणि थांबायचं. तो आणखी टेकला तर पुन्हा. तो बाजूला झाला तर झालं. मिठी मारणं, चेहऱ्याजवळ चेहरा नेणं, अंगावर बसणं, गादीवर जाऊन उठवणं, हे नाही म्हणजे नाही, कुत्रा कितीही सोशिक असो.

आणि मुलांना कुत्र्यासोबत करायला एक काम द्या. कुत्रा दाराआड असताना खोलीत खाऊ लपवायचा, मग मोठ्या माणसाने दार उघडायचं आणि मुलांनी सोफ्यावर बसून बघायचं. मुलं बसलेली, कुत्र्याचं नाक जमिनीला, आणि दोघांनाही मजा. चेंडूफेक मुलांच्या हाती देऊ नका.

खेळणी, जेवण?

कुत्रा जेवताना किंवा चघळताना मूल गेटच्या अलीकडे. मुलाच्या हातातलं बिस्कीट नेमकं कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर येतं, म्हणून मूल बसूनच खाईल हे बघा. कुत्र्याने मुलाचं खेळणं उचललं तर ओढाताण न करता त्याहून चांगलं काहीतरी देऊन अदलाबदल करा, आणि ते मोठ्यांनीच करायचं.

पाहुण्यांची मुलं येणार आहेत.

कुत्रा बंद खोलीत, दारावर बाहेरून 'उघडू नका' अशी खूण लावलेली, सोबत चघळणं. ओळख करून द्यायची हौस त्या दिवशी नको. गर्दीत काही शिकवून होत नाही.

घरात बाळ येणार आहे. आधी काय करावं?

काही महिने आधीच, कारण बाळ आल्यावर तुम्हाला झोप मिळणार नाही, प्रशिक्षण तर सोडाच. जे बदलणार ते आत्ताच बदला: फेरफटक्याची वेळ, कुत्रा कुठे झोपणार, कोणती खोली बंद असणार. बाळाच्या रडण्याचं रेकॉर्डिंग अगदी हळू आवाजात लावून सोबत खाऊ द्या आणि आवाज दिवसेंदिवस वाढवा. हातात बाहुली गुंडाळून घरभर चाला. वेडेपणा वाटतो, पण कुत्रा उडी मारतो की नाही हे बाहुलीसोबतच कळलेलं बरं.

पहिल्या काही महिन्यांत अडचण सहसा कमी येते आणि लोक निर्धास्त होतात. खरी परीक्षा बाळ रांगायला लागल्यावर आणि मग दुडुदुडु धावायला लागल्यावर. जमिनीलगत, वेडंवाकडं, अचानक दिशा बदलत, चिरकत हलणारी वस्तू: वळणाऱ्या कुत्र्याला डिवचायला याहून नेमकं काही घडवता आलं नसतं. चटईचा सराव त्या दिवसासाठी आहे.

आमचं अजून पिल्लूच आहे.

मग वेळ हाताशी आहे. साधारण तीन ते बारा-चौदा आठवड्यांच्या काळात पिल्लू जे निवांतपणे पाहतं ते पुढे त्याला साधं वाटतं. या काळात मुलं दुरून, शांतपणे, खाऊसोबत दिसू द्या. प्रत्येक मुलाने हात लावलाच पाहिजे असं नाही. सहाव्या महिन्यानंतर, वयात येताना, वळण्याची ओढ एकदम जागी होते आणि 'काल तर छान वागत होता' असं वाटतं. शिकवलेलं वाया गेलेलं नसतं. त्या महिन्यांत दोरी आणि गेट पुन्हा काटेकोर करा.

कुत्रा अचानक बदललाय. पूर्वी असं करत नव्हता.

आधी पशुवैद्याकडे. कंबरेचं, दाताचं, कानाचं दुखणं कुत्रा बोलून दाखवत नाही, तो फक्त मुलाने टेकताच गुरगुरतो. आणखी एक शक्यता: मर्ल म्हणजे ठिपकेदार-संगमरवरी रंगाच्या दोन कुत्र्यांच्या संकरातून आलेल्या काही पिल्लांना ऐकू येत नाही. हे कधी कधी उशिरा लक्षात येतं. बहिरा कुत्रा झोपेत हात लागला की दचकतो, म्हणून त्याला हाताने न उठवता दुरून, जमिनीला कंप देऊन किंवा वासाने उठवावं, आणि हे काम मुलांचं नाही.

शांत करणारी गोळी देता येईल का?

स्वतःच्या मनाने नाही. रफ कॉली (म्हणजे लांब केसांचा कॉली), ऑस्ट्रेलियन शेफर्ड, शेल्टी अशा जातींतल्या बऱ्याच कुत्र्यांमध्ये एमडीआर१ या जनुकात दोष असतो आणि त्यांना काही औषधं प्रमाणाबाहेर लागू पडतात. ॲसेप्रोमाझिन हे गुंगीचं जुनं औषध त्यांतलंच. त्याने शरीर मंदावतं, भीती मात्र आत तशीच राहू शकते. जनुकाची चाचणी साधी आहे. खऱ्या चिंतेने ग्रासलेल्या कुत्र्यासाठी आज चांगली औषधं आहेत, पण ती पशुवैद्याने ठरवून, प्रशिक्षणाच्या जोडीला द्यायची.

दात लागून कातडी फाटली तर?

जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. कुत्र्याचं लसीकरण झालेलं असलं तरी. रेबीज आणि धनुर्वाताच्या लसींचा निर्णय डॉक्टर घेतील. चेहरा, मान, हात इथली जखम लहान दिसली तरी थांबू नका.

त्यानंतर कुत्रा आणि मूल यांच्यात दार हवं, आणि फोन वर्तनतज्ज्ञाला. 'कुत्र्याला सांगतो घरात कोण मोठं ते' असं म्हणत दादागिरी शिकवणारा प्रशिक्षक टाळा. तोंडाला जाळीदार मझल लावायची सवय खाऊ देत देत, हळूहळू लावता येते आणि ती उपयोगी आहे, पण मझल लावलेला कुत्राही धडक देऊन मुलाला पाडू शकतो.

त्याला दुसरं घर शोधणं म्हणजे हरणं का?

नाही. मुलाला पाहताच ताठरणारा, दोनदा-तीनदा चावलेला कुत्रा, जागा अपुरी, मोठं माणूस एकच: अशा घरात वर्षानुवर्षं दार लावून जगणं दोघांनाही जाच आहे. मुलं नसलेल्या घरात तोच कुत्रा सुखाने राहू शकतो. फक्त देताना काय घडलं ते लपवू नका.

बेबी गेट कधी काढता येईल?

मुलं धावू लागल्यावर कुत्रा न सांगता चटईकडे किंवा तुमच्याकडे येतो, नको झालं की उठून आपल्या खोलीत जातो, आणि मुलंही त्याला जाऊ देतात, हे सलग काही आठवडे दिसलं की सकाळच्या शांत वेळी गेट उघडं ठेवून बघा. संध्याकाळी ते लावलेलंच असू द्या. पुष्कळ घरांत ते पुरतं कधीच निघत नाही. मूल आठ-नऊ वर्षांचं होतं, कुत्रा म्हातारा होतो, त्याचे गुडघे दुखायला लागतात, आणि मग पोरांच्या मित्रांपासून त्याला वाचवायला तेच गेट लागतं.